मोटारसायकलस्वारांनो, कान सांभाळा!



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी धम्म, शिक्षण आणि चळवळ या विषयांवरील लेख असतात. यंदा आम्ही आरोग्याचा एक साधा विषय घेतला आहे. परळ, लालबाग, दादर, गिरगाव या भागांत आपल्या प्रत्येक चाळीखाली आज मोटारसायकलींची रांग उभी असते. कोणी तिच्यावरून नोकरीला जातो, कोणी कुरिअरची पाकिटे पोचवतो, कोणी दिवसभर घरोघर जेवणाची पार्सले नेतो. सुट्टी मिळाली की हीच मुले गाडी काढून महाडला, कोरेगाव भीमाला किंवा कोकणातल्या आपल्या गावी जातात. डोक्यावर हेल्मेट हवे, हे बहुतेकांना आता पटले आहे. काहींना स्वतःहून, तर काहींना दंडाची पावती हाती पडल्यावर! परंतु हेल्मेटच्या आत आपल्या कानांचे काय होते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. तो व्हावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गिरणीने नेलेले कान

आमच्या चाळीत एक वयोवृद्ध उपासक राहत असत. त्यांची उभी हयात गिरणीच्या रिंग खात्यात गेली. विहारातील प्रवचनाला ते न चुकता येत आणि पहिल्या रांगेत बसत. त्यांची श्रद्धा मोठी म्हणून ते पुढे बसतात, असे आम्हा मुलांना वाटे. पुढे कळले की त्यांना भन्तेजींचे बोलणे ऐकू येत नसे. ते भन्तेजींच्या ओठांकडे पाहत आणि सर्वांनी हात जोडले की आपणही हात जोडत. घरी नात काही सांगू लागली की नुसते हसत. "पोरीचा आवाज येतो, पण ती काय बोलते ते कळत नाही," असे ते एकदा आम्हाला म्हणाले. हे वाक्य आम्ही आजवर विसरलो नाही.

गिरणगावात असे कान घरोघर होते. साचा खाते, म्हणजे जिथे मागावर कापड विणले जाई ते खाते, सर्वांत गोंगाटाचे. तिथे शेजारच्या कामगाराशी बोलायचे तर खुणा करायच्या किंवा कानाशी तोंड नेऊन ओरडायचे. रिंग खात्यातील हजारो चात्यांची घरघरही काही कमी नव्हती.

साचा खात्याची आणखी एक आठवण आपल्या समाजाने जपून ठेवली आहे. या खात्यात पगार जास्त मिळे, पण आपल्या माणसांना तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत ओढून घेताना ते तोंडाने चोखावे लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगारांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि सर्व खात्यांत काम मिळण्याचा हक्क मागितला. बाबासाहेबांनी मागितला तो बरोबरीच्या कामाचा आणि बरोबरीच्या पगाराचा हक्क होता. पण कोणत्याही खात्यात गेले तरी कामगाराच्या कानांची काळजी घेणारे तिथे कोणी नव्हते. पुढे कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणाची नोंद झाली खरी. तथापि कायद्यातली नोंद कामगाराच्या कानापर्यंत क्वचितच पोचली.

जानेवारी १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. भोंगे थांबले, चिमण्या पडल्या आणि त्या जागी टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. गोंगाट मात्र गिरणीच्या फाटकातून बाहेर येऊन रस्त्यावर पसरला. बापाने जे मागाजवळ आणि चात्यांजवळ गमावले, ते मुलगा आणि नातू हँडल धरून गमावीत आहेत. फरक इतकाच की बापाला इलाज माहीत नव्हता. आपल्याला तो माहीत आहे आणि अगदी स्वस्तात मिळतो.

कान ऐकतो कसा?

बाहेरचा आवाज कानाच्या नळीतून आत जातो व पडद्यावर आदळतो. पडद्याचे कंपन तीन चिमुकल्या हाडांमार्फत आतल्या कानात पोचते. तिथे गोगलगाईच्या शंखासारखी वळणे घेतलेली, द्रवाने भरलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मज्जातंतूंद्वारे मेंदूला संदेश देतात. ऐकणे म्हणतात ते हेच.

या केशपेशी मैदानावरच्या गवतासारख्या असतात. एखादे दिवशी चार माणसे गवत तुडवून गेली तर ते वाकते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहते. मोठ्या आवाजातून घरी आल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात व सकाळपर्यंत मोकळे होतात, त्याचे कारण हेच. परंतु त्याच जागेवरून रोज पाय पडू लागले की गवत मरते आणि पायवाट तयार होते. मैदानावर पुन्हा गवत उगवेल, पण माणसाच्या कानातील मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. त्यासाठी आज ना औषध आहे, ना शस्त्रक्रिया.

हे नुकसान दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. तपासणीच्या आलेखावर पहिला खड्डा बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतो. स, श, फ, थ अशी बारीक व्यंजने, बायकांचे आणि लहान मुलांचे बोलणे अस्पष्ट होऊ लागते. ढोल ऐकू येतो, ट्रकचा घरघराट ऐकू येतो, त्यामुळे "मला सगळे ऐकू येते" असे माणूस छातीठोक सांगतो आणि घरचे मात्र "अहो, किती वेळा सांगायचे!" म्हणून वैतागतात. त्या वृद्ध उपासकांना नातीचा आवाज येई पण शब्द कळत नसत, त्याचे मर्म हेच होते.

आवाजाचा हिशेब

आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. हे माप फूटपट्टीसारखे सरळ चढत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते. म्हणून कानाला सोसण्याची मुदतही तीन डेसिबलमागे निम्मी करावी, असा हिशेब अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने सुचविला आहे आणि जगभर तो वापरला जातो. तो असा : ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे.

शांत खोलीतले दोघांचे बोलणे साधारण ६० डेसिबल असते. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर आसपासचा गोंगाट ८५ च्या घरात आहे असे समजावे. ही बिनखर्चाची चाचणी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

हेल्मेटच्या आतले वादळ

गाडीचा आवाज म्हटले की आपल्याला इंजिन आणि सायलेन्सर आठवतात. प्रत्यक्षात गाडी ताशी ५०-६० किलोमीटरच्या पुढे गेली की स्वाराच्या कानावर सर्वांत जास्त मारा वाऱ्याचा होतो. वारा हेल्मेटवर आपटतो, त्याच्या कडांवरून भोवरे करीत फिरतो आणि विशेषतः हनुवटीखालच्या व मानेजवळच्या फटीतून आत घुमतो. हेल्मेट डोक्याची कवटी वाचवते. कानांचे या घुमणाऱ्या आवाजापासून रक्षण करणे हे त्याचे कामच नव्हे. त्याच्या आतले अस्तर बारीक आवाज थोडे अडवते, परंतु वाऱ्याचा जाडा, घोंघावणारा आवाज त्याला जवळजवळ जुमानत नाही. अर्थात हेल्मेट काढून ठेवणे हा काही यावरचा उपाय नाही. उघड्या कानाला वारा अधिकच झोंबतो, आणि जीव गेला तर कान घेऊन काय करायचे?

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेटमध्ये कानापाशी सूक्ष्म मायक्रोफोन बसवून मोजमापे घेण्यात आली. त्यांवरून असे दिसते की ताशी ६० किलोमीटरच्या सुमारास कानाशी ९० डेसिबलच्या आसपास आवाज असतो, ८० ला तो साधारण ९५ पर्यंत चढतो आणि १०० च्या पुढे शंभरी गाठतो. हेल्मेट, गाडी आणि स्वाराची उंची यांप्रमाणे आकडे थोडे खालीवर होतात, पण वेग वाढला की आवाज वाढतो हे सर्वत्र सारखेच.

आता आपलेच उदाहरण घेऊ. २० मार्चला चवदार तळ्यावर अभिवादनासाठी आपली मुले दादरहून महाडला निघतात. अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. वाटेत चहापाणी धरून चार-साडेचार तास सहज लागतात. समजा, त्यांतील तीन तास गाडी ६० च्या वेगाने पळाली. ९० डेसिबलला वरील हिशेबाप्रमाणे दिवसाला अडीच तासच सोसतात. म्हणजे एकीकडच्या प्रवासातच दिवसाचा वाटा संपून वर उधारी झाली. त्याच संध्याकाळी परत निघायचे, तर उधारी दुप्पटीच्या पुढे गेली. ८० चा वेग धरला तर हिशेब पाऊण तासातच संपतो. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर कानात रातकिडे किरकिरल्यासारखा आवाज येतो. तो प्रवासाचा शीण समजून मुले झोपी जातात. वास्तविक ती कानाने दिलेली तक्रार असते.

शहरात वेग कमी, म्हणून धोका नाही काय? येथे वाऱ्याची जागा हॉर्न आणि फाडलेले सायलेन्सर घेतात. शेजारच्या गाडीचा हॉर्न जवळून वाजला की कानाशी शंभर डेसिबल सहज होतात. भायखळ्याहून लालबाग, परळमार्गे दादरकडे जाणाऱ्या ज्या रस्त्याला बाबासाहेबांचे नाव दिले आहे, त्याच रस्त्यावर संध्याकाळी उभे राहून बघावे. आठ-दहा तास याच रस्त्यावर पार्सले पोचविणाऱ्या मुलाला हा सगळा वेळ गिरणीच्या पाळीसारखाच असतो.

२०२० च्या जानेवारीअखेर मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी एका प्रयोगाची चित्रफीत प्रसिद्ध केली होती. त्यात हिंदमातासह शहरातील काही सिग्नलांवर आवाज मोजणारी यंत्रे बसविली होती. लाल दिव्यावर हॉर्नचा कल्लोळ ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. जितका जास्त हॉर्न, तितका जास्त वेळ थांबा! लोक हसले, पण दिवा हिरवा होण्यापूर्वीच हॉर्न वाजवण्यात काही हशील नाही, हे त्या प्रयोगाने चांगले दाखवून दिले.

काय करावे?

(१) लांबच्या प्रवासात हेल्मेटच्या आत कानात इअरप्लग घालावेत. फोमचे मऊ इअरप्लग औषधांच्या दुकानांत आणि कारखान्यांना सुरक्षासाहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळतात. नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला अशी दुकाने आहेत. एका जोडीला चहा-वड्याइतकेच पैसे पडतात.

(२) इअरप्लग नीट घालणे महत्त्वाचे. हात स्वच्छ धुवावेत. प्लग बोटांत वळून बारीक सुरळीसारखा करावा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर व मागे ओढावी, म्हणजे नळी सरळ होते. मग प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत, सुमारे अर्धे मिनिट, बोटाने धरून ठेवावा. पाकिटावर २५-३० डेसिबल लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात निम्मेच धरून चालावे. तेवढेही पुष्कळ आहे. ९५ चे ८० झाले, तर पाऊण तासाची मुदत दिवसभराची होते.

(३) "प्लग घातला तर मागचा हॉर्न ऐकू येणार नाही," अशी शंका मुले काढतात. रास्त शंका आहे. प्लग कान बंद करीत नाही. तो वाऱ्याचा आवाज आणि हॉर्नचा आवाज दोन्ही खाली आणतो. वेगात वाऱ्यानेच हॉर्न झाकलेला असतो, तो प्लगमुळे आणखी झाकला जात नाही. तथापि पहिल्यांदा ओळखीच्या रस्त्यावर सवय करून बघावी, आरशात वरचेवर पाहावे आणि गल्लीबोळातल्या सावकाश रहदारीत प्लग काढून ठेवावेत.

(४) कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत. त्यांतून आवाज सरळ आत जातो. इअरफोन लावून गाणी ऐकणे तर दुहेरी घातक. वाऱ्यावर मात करायला गाण्याचा आवाज वाढवावा लागतो आणि रस्त्यावरचे लक्षही जाते.

(५) हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारे, आयएसआय खुणेचे आणि डोक्याला घट्ट बसणारे घ्यावे. मान हलवली की हेल्मेट वेगळे हलत असेल तर ते मोठे आहे. काच खाली ठेवावी. मानेभोवती मफलर किंवा रुमाल असा बांधावा की हनुवटीखालची फट बुजेल. त्याची टोके जॅकेटच्या आत खोचावीत; ती मोकळी सोडली तर चाकात किंवा साखळीत अडकण्याचे भय असते.

(६) वेग आवरावा. ८० वरून ६० वर आले की कानावरचा मारा पाच-सहा डेसिबलने उतरतो, म्हणजे पावपट होतो. दर तासाने दहा मिनिटे थांबून हेल्मेट काढावे.

(७) कान वाहत असेल, दुखत असेल तर प्लग घालू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. कानात कोमट तेल, आगकाडी, हेअरपिन यांपैकी काहीही घालू नये.

(८) प्रवासानंतर कान वारंवार गुंजत असतील, गर्दीत बोलणे कळत नसेल, टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटत असेल, तर कानांची तपासणी करून घ्यावी. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तर याच कामासाठी आहे. तपासणी बंद खोलीत, हेडफोन लावून होते, दुखत नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र एक दिवसही थांबू नये. अशा वेळी पहिल्या काही दिवसांतले उपचारच उपयोगी पडतात.

आपला आवाज, दुसऱ्याचे कान

येथपर्यंत स्वतःच्या कानांचे झाले. पण धम्म आपल्याला स्वतःपाशी थांबू देत नाही. सायलेन्सर बदलून फटाके फोडल्यासारखा आवाज काढणारा तरुण स्वतःचे कान तर घालवतोच, शिवाय रस्त्यावरच्या प्रत्येकाचे थोडे थोडे घालवतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या १९४ एफ कलमानुसार विनाकारण हॉर्न वाजविण्याबद्दल आणि सायलेन्सरला बगल देऊन धूर सोडण्याबद्दल पहिल्या वेळी एक हजार व पुढे दोन हजार रुपये दंड आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतालची शंभर मीटर जागा शांतता क्षेत्र ठरविता येते. परळमध्ये केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत. तिथल्या खाटांवर आपल्यापैकीच कोणाचा तरी बाप असतो.

बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतले दिवस परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत गेले. दिवसा चाळीच्या गलबल्यात अभ्यास होईना, म्हणून वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत आणि मग भिवाला उठवून वाचायला बसवीत. त्या शांत दोन वाजल्यांतून काय घडले, हे आपण सारे जाणतो. आजही आपल्या चाळीत दहावी-बारावीची मुले रात्री वाचत बसलेली असतात. खिडकीखालून सायलेन्सर फाडत जाणाऱ्याने हे आठवावे. १४ एप्रिलच्या मोटारसायकल रॅलीत सर्वांनी एकदम हॉर्न दाबल्याने बाबासाहेबांचा मोठेपणा वाढत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा समुदाय ज्या शिस्तीने रांगेत उभा राहतो, ती शिस्त आपण एप्रिलमध्येही पाळू शकतो.

सामञ्ञफल सुत्तात अजातशत्रू राजाची कथा आहे. रात्रीच्या वेळी तो जीवकाच्या आम्रवनात भगवंतांच्या भेटीस निघाला. तिथे साडेबाराशे भिक्खू आहेत असे त्याला सांगितले होते, पण जवळ गेला तरी ना खोकल्याचा आवाज, ना कुजबूज. आपल्याला फसवून शत्रूच्या हाती देताहेत की काय, अशी राजाला भीती वाटली! इतकी ती शांतता गाढ होती. बुद्धांच्या शिष्यांना श्रावक म्हणतात. श्रावक म्हणजे ऐकणारा. श्रीलंकेत इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात त्रिपिटक लिहून काढले जाईपर्यंत कित्येक पिढ्या हा धम्म कानांनी ऐकून आणि मुखाने सांगूनच टिकला. सहा आयतनांमध्ये कानाची गणना आहे, ती उगाच नव्हे.

म्हणून आमची संस्थेच्या कार्यकर्त्यांना नम्र सूचना आहे की दरवर्षी ३ मार्च या जागतिक श्रवण दिनाच्या सुमारास विहारात कानतपासणीचे शिबिर घ्यावे. त्याला निवृत्त गिरणी कामगारांना आणावे आणि मोटारसायकलवर पोट भरणाऱ्या मुलांनाही आणावे. २० मार्चला महाडला निघणाऱ्या प्रत्येक स्वाराच्या हाती निघण्यापूर्वी इअरप्लगची एक जोडी द्यावी. हाराफुलांवरच्या खर्चातला लहानसा वाटाही त्याला पुरेल.

ते वृद्ध उपासक आज हयात नाहीत. पहिल्या रांगेतली त्यांची जागा आता दुसरे कोणी घेते. आणखी तीस वर्षांनी त्या रांगेत आजची मोटारसायकलवाली मुले म्हातारी होऊन बसतील. त्यांना भन्तेजींचा शब्द आणि नातीचे बोलणे नीट ऐकू यावे, एवढीच आमची इच्छा आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!